मोठा टीव्ही घेताना: मोजपट्टी आधी, दुकान नंतर



दसरा-दिवाळी जवळ आली की स्टाफरूममध्ये एक प्रश्न हमखास निघतो. "सर, ५५ इंची घेऊ की ६५?" पालकसभा संपल्यावरही कुणीतरी हळूच हेच विचारते. मुलांना गेम खेळायला मोठी स्क्रीन हवी असते, मोठ्यांना घरबसल्या थिएटरसारखा सिनेमा हवा असतो. खर्च मात्र एखाद्या महिन्याच्या पगाराएवढा, कधी त्याहून जास्त. हप्ते वर्षभर आणि वस्तू घरात सात-आठ वर्षे राहणार. म्हणजे निर्णय चुकला तर तो रोज डोळ्यांसमोर भिंतीवरच दिसणार!

दुकानात गेलो की खोक्यावर दहा-पंधरा शब्द दिसतात: ४के, एचडीआर, क्यूएलईडी, १२० हर्ट्झ, एआय प्रोसेसर. विक्रेता सांगतो ते बरेचसे खरेही असते. पण त्यातले आपल्या घराला किती लागू पडते हे तो सांगू शकत नाही. कारण त्याने आपला हॉल पाहिलेला नाही. म्हणून या लेखात कुठल्या कंपनीचा टीव्ही घ्या असे सांगितलेले नाही. चार गोष्टी घरातच आधी ठरवायच्या आहेत: बसायचे अंतर, खोलीतला उजेड, आपण पाहणार काय आणि मुले खेळणार कशावर. ही चार उत्तरे कागदावर लिहून दुकानात गेलात, तर निम्मे शब्द आपोआप गळून पडतात.

१. इंच म्हणजे नेमके काय?

टीव्हीचा इंच म्हणजे रुंदी नव्हे, उंचीही नव्हे. तो कर्ण आहे. आजच्या टीव्हीची रुंदी आणि उंची १६:९ या प्रमाणात असते. म्हणजे पायथागोरसच्या प्रमेयाने १६चा वर्ग २५६, ९चा वर्ग ८१, बेरीज ३३७ आणि तिचे वर्गमूळ साधारण १८.३६. कर्णाला १८.३६ ने भागून १६ ने गुणले की रुंदी मिळाली, ९ ने गुणले की उंची. त्यावरून हे आकडे येतात:

४३ इंच: रुंदी ९५ सेंमी, उंची ५४ सेंमी
५५ इंच: रुंदी १२२ सेंमी, उंची ६८ सेंमी
६५ इंच: रुंदी १४४ सेंमी, उंची ८१ सेंमी
७५ इंच: रुंदी १६६ सेंमी, उंची ९३ सेंमी

इथे एक गंमत लक्षात घ्या. ३२ इंचावरून ६५ इंचावर गेलो तर कर्ण दुप्पट होतो, पण क्षेत्रफळ चौपट होते. म्हणून दुकानाच्या प्रशस्त भिंतीवर बेताचा वाटणारा टीव्ही घरी आल्यावर अचानक भला मोठा दिसू लागतो. उपाय सोपा आहे. जुनी वर्तमानपत्रे चिकटवून १४४ बाय ८१ सेंमीचा आयत करा आणि दोन दिवस भिंतीवर लावून ठेवा. खिडकीचे दार अडते का, देवघराच्या कोनाड्यावर येतो का, स्विच झाकला जातो का, सगळे कळते. टीव्ही कपाटावर ठेवणार असाल तर कपाटाची रुंदीही मोजा. बऱ्याच मोठ्या टीव्हींचे दोन पाय अगदी कडेला असतात आणि १२० सेंमीच्या कपाटावर ते मावत नाहीत.

२. बसायचे अंतर: ४ ने भागा, ३ ने भागा

आता मोजपट्टी घेऊन सोफ्यावर बसा. भिंत ते डोळे हे अंतर सेंटिमीटरमध्ये मोजा.

सिनेमा पाहताना पडद्याच्या दोन कडांनी आपल्या डोळ्याशी साधारण ३० ते ४० अंशांचा कोन करावा, असे घरगुती सिनेमाच्या क्षेत्रात मानले जाते. त्रिकोणमितीचे गणित मांडले की त्यातून एक सोपा नियम निघतो. अंतर सेंमीमध्ये घ्या. ४ ने भागले तर ३० अंशांसाठीचा टीव्ही इंचात मिळतो, ३ ने भागले तर ४० अंशांसाठीचा.

६ फूट, म्हणजे १८३ सेंमी: ४६ ते ६१. इथे ५० किंवा ५५ इंच छान.
८ फूट, म्हणजे २४४ सेंमी: ६१ ते ८१. इथे ६५ इंच छान.
१० फूट, म्हणजे ३०५ सेंमी: ७६ ते १०२. इथे ७५ इंचही मोठा नाही.

हा नियम सिनेमा आणि गेमसाठी आहे. नुसत्या बातम्या आणि मालिका पाहायच्या असतील तर लहान टीव्हीनेही काम भागते. बजेट कमी असेल तरी घाबरायचे कारण नाही. ८ फुटांवर ५५ इंची टीव्ही लावला तर कोन २८ अंशांचा पडतो, म्हणजे फारसे बिघडत नाही. ४३ इंची लावला तर मात्र तो २२ अंशांवर येतो आणि "थिएटरसारखं" ही अपेक्षा पुरी होत नाही.

उंचीचेही पाहा. सोफ्यावर बसल्यावर डोळे जमिनीपासून साधारण १०० ते ११० सेंमीवर येतात. पडद्याचा मध्य त्याच्या आसपास हवा. फोटो लावतो तसा टीव्ही दरवाजाच्या उंचीवर लावला की अडीच तासांच्या सिनेमात मान अवघडणारच.

३. फुल एचडी, ४के, ८के: डोळ्याला किती दिसते?

फुल एचडी म्हणजे १९२० × १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. ४के म्हणजे ३८४० × २१६०, बरोबर चौपट. ८के म्हणजे आणखी चौपट. पण ठिपके जास्त असणे आणि ते डोळ्याला दिसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

निकोप डोळा, म्हणजे ज्याला डोळ्यांचे डॉक्टर ६/६ म्हणतात तो, साधारण १ मिनिट कोनाएवढा, म्हणजे एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा बारकावा ओळखतो. ८ फुटांवर हा कोन ०.७१ मिलिमीटरचा होतो. याहून लहान ठिपका तिथून वेगळा दिसत नाही. आता पाहा. ४३ इंची फुल एचडी टीव्हीचा ठिपका ०.५ मिमीचा असतो. म्हणजे ८ फुटांवरून ४३ इंचात फुल एचडी आणि ४के यांतला फरक तुम्हाला जवळजवळ कळणारच नाही. ६५ इंचात मात्र फुल एचडीचा ठिपका ०.७५ मिमी होतो, तो डोळ्याच्या मर्यादेवर येतो. तिथे ४के घेण्यात अर्थ आहे. आणि ६५ इंची ८केचा ठिपका ०.१९ मिमीचा. ८ फुटांवरून तो पाहायला दुर्बीणच हवी! ५० इंचांच्या पुढे आज बाजारात बहुतेक टीव्ही ४केच मिळतात. ते ठीकच आहे, त्याच्या पुढे जाण्यासाठी जादा पैसे मोजू नका.

४. आडातच नसेल तर...

पोहऱ्यात कुठून येणार? टीव्ही ४के असला तरी आत येणारे चित्र ४के असेलच असे नाही. आपल्याकडच्या साध्या एसडी चॅनेलच्या चित्रात ७२० × ५७६, म्हणजे ४ लाख १४ हजार ७२० ठिपके असतात. भागाकार करून पाहा, ४केच्या पडद्यावर एसडीचा एक ठिपका २० ठिपक्यांवर पसरावा लागतो. म्हणूनच "जुन्या टीव्हीवर चॅनेल छान दिसायचं, नवीन मोठ्यावर धूसर दिसतं" ही तक्रार ऐकू येते. टीव्ही बिघडलेला नसतो, चित्रच तेवढे असते. मोठा टीव्ही घेणार असाल तर आवडत्या चॅनेलचा एचडी पॅक आणि एचडी सेटटॉप बॉक्स यांचा खर्चही हिशोबात धरा.

ओटीटीचेही तसेच. ४के चित्रासाठी नेटफ्लिक्स १५ एमबीपीएस वेग सुचवते. १५ × ३६०० ÷ ८ केले तर तासाला ६७५० एमबी, म्हणजे पावणेसात जीबी होतात. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर हे परवडणारे नाही, घरी ब्रॉडबँड हवे. शिवाय ४के बऱ्याचदा ओटीटीच्या वरच्या, महागड्या प्लॅनमध्येच मिळते. घरात ब्रॉडबँड नसेल आणि चॅनेल एसडीच असतील, तर पैसे आधी तिकडे घाला.

५. पॅनेल: खोलीतल्या उजेडाप्रमाणे

दुकानात "एलईडी टीव्ही" म्हणतात तो खरे तर एलसीडी असतो. मागून एलईडीचा प्रकाश येतो आणि पुढचा एलसीडी पडदा तो कमी-जास्त अडवतो. क्यूएलईडी हाही एलसीडीच, त्यात रंग उजळ करणारा क्वांटम डॉटचा थर असतो. मिनी एलईडीमध्ये मागचे दिवे बारीक आणि पुष्कळ असतात, ते गटागटाने मंद करता येतात. त्यामुळे काळा भाग जास्त काळा दिसतो. ओएलईडी मात्र वेगळा. त्यात प्रत्येक ठिपका स्वतः प्रकाश देतो आणि काळे दाखवायचे असेल तर पूर्ण विझतो. अंधाऱ्या खोलीत सिनेमा पाहायला याच्यासारखा दुसरा नाही.

मग ओएलईडीच घ्यावा का? थांबा. आधी खोली पाहा. दुपारी समोरच्या खिडकीतून ऊन येत असेल तर जास्त उजळ मिनी एलईडी किंवा चांगला क्यूएलईडी बरा पडतो. दुसरे असे की, ओएलईडीवर तीच खूण रोज तासन् तास एकाच जागी राहिली तर तिची सावली कायमची उमटण्याची शक्यता असते. आपल्या घरात सकाळपासून मराठी बातम्यांचे चॅनेल चालू असते, खालची पट्टी आणि कोपऱ्यातला लोगो हलत नाही. क्रिकेटचा स्कोअर आणि गेममधल्या कडेच्या खुणाही तशाच. ज्या घरात टीव्ही दिवसभर बातम्या दाखवतो तिथे ओएलईडी जपून घ्यावा.

एलसीडीमध्ये पॅनेलचे दोन प्रमुख प्रकार आहेत, व्हीए आणि आयपीएस. व्हीएमध्ये काळा रंग गडद येतो, पण बाजूने पाहिले की रंग फिके पडतात. आयपीएस बाजूनेही ठीक दिसतो, पण त्याचा काळा करड्याकडे झुकतो. आपल्याकडे आजोबा खुर्चीत, आई झोपाळ्यावर आणि पोरे सतरंजीवर अशी बैठक असते. तेव्हा दुकानात टीव्हीसमोर उभे राहून पाहू नका. दोन पावले डावीकडे जा, खाली वाका आणि मग पाहा.

एचडीआर या शब्दाबद्दलही सांगतो. खोक्यावर एचडीआर लिहिले म्हणजे टीव्हीला तो संदेश वाचता येतो एवढेच नक्की. तो दाखवायला पडद्याचा उजेड लागतो. हा उजेड निट्समध्ये मोजतात. पुष्कळसे एचडीआर सिनेमे १००० निट्स गृहीत धरून तयार केलेले असतात आणि स्वस्त टीव्ही ३०० निट्सच्या आसपास थांबतात. म्हणून "एचडीआर आहे का?" असे विचारू नका, "जास्तीत जास्त किती निट्स?" असे विचारा.

६. सिनेमासाठी: लसावि आणि काळ्या पट्ट्या

सिनेमात सेकंदाला २४ चित्रे असतात. टीव्हीचा पडदा सेकंदाला ६० वेळा नवा होत असेल, म्हणजे ६० हर्ट्झचा असेल, तर ६० ÷ २४ = २.५. अर्धे चित्र दाखवता येत नाही, म्हणून एक चित्र दोनदा, पुढचे तीनदा असे दाखवावे लागते. कॅमेरा सावकाश फिरतो तेव्हा चित्र किंचित अडखळल्यासारखे वाटते ते यामुळे. आता २४, ३० आणि ६० यांचा लसावि काढा. १२०! म्हणून १२० हर्ट्झच्या पॅनेलवर सिनेमाचे प्रत्येक चित्र बरोबर ५ वेळा दाखवता येते आणि हिशोब जुळतो. बहुतेकांना ६० हर्ट्झवरचा हा अडखळा खुपत नाही, त्यामुळे फक्त सिनेमासाठी १२० हर्ट्झ घेतलाच पाहिजे असे नाही.

काळ्या पट्ट्यांबद्दल पालक हमखास विचारतात, "एवढे पैसे दिले आणि पडदा पूर्ण भरत का नाही?" बरेच सिनेमे २.३९:१ या रुंद प्रमाणात असतात. ६५ इंची टीव्हीवर अशा चित्राची उंची ६० सेंमी येते आणि वर-खाली सुमारे १० सेंमीच्या पट्ट्या उरतात. उलट प्रभातचा १९३६चा 'संत तुकाराम' लावलात तर चित्र जवळपास ४:३ असल्याने पट्ट्या डाव्या-उजव्या बाजूला येतात. हा दोष नाही, दिग्दर्शकाने चौकट तशीच आखलेली आहे. झूम केले तर कडेची माणसे कापली जातात, ताणले तर ती जाड दिसतात. पट्ट्या राहू द्याव्यात.

७. गेमसाठी: उशीर किती?

गेमिंगमध्ये चित्राच्या सौंदर्यापेक्षा एक गोष्ट महत्त्वाची असते. मुलाने बटण दाबले आणि पडद्यावर हालचाल दिसली, यात किती वेळ गेला? याला इनपुट लॅग म्हणतात. सिनेमाच्या मोडमध्ये टीव्ही चित्रावर बरेच संस्कार करतो, त्यात काही टीव्हींना १०० मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागतो. एवढ्या वेळात ताशी १४० किमी वेगाचा चेंडू जवळपास ४ मीटर पुढे गेलेला असतो! क्रिकेटच्या गेममध्ये पोरगा पुन्हा पुन्हा बोल्ड होतो तेव्हा दोष त्याच्या हाताचा नसून टीव्हीच्या मोडचा असू शकतो. 'गेम मोड' सुरू केला की हे संस्कार बंद होतात आणि चांगल्या टीव्हीत उशीर १०-२० मिलिसेकंदांवर येतो. हे बटण जवळपास प्रत्येक नव्या टीव्हीत असते, त्याला जादा पैसे पडत नाहीत.

आता १२० हर्ट्झ. मुले कशावर खेळतात ते विचारा. प्लेस्टेशन ४ किंवा जुना निन्टेन्डो स्विच असेल तर ते ६०च्या पुढे जात नाहीत, ६० हर्ट्झचा टीव्ही पुरे. प्लेस्टेशन ५ किंवा एक्सबॉक्स सिरीज एक्स असेल, किंवा पुढच्या काही वर्षांत घ्यायचा विचार असेल, तर काही गेम १२०वर चालतात. तेव्हा १२० हर्ट्झचे पॅनेल उपयोगी पडते. मोबाईलचा गेम वायरलेसने टीव्हीवर टाकून खेळणार असाल तर वाटेतच उशीर होतो, तिथे १२० हर्ट्झने काही साधत नाही.

इथे खोक्यावरचा शब्द नीट वाचा. 'मोशन रेट १२०' किंवा त्यासारखे नाव म्हणजे पॅनेल १२० हर्ट्झचे असेलच असे नाही. 'एचडीएमआय २.१' लिहिले म्हणजेही सगळ्या सोयी असतीलच असे नाही, कारण त्यातल्या अनेक सोयी देणे कंपनीला बंधनकारक नाही. विक्रेत्याला थेट विचारा: "४के १२० हर्ट्झ चित्र कोणत्या पोर्टमध्ये चालतं? व्हीआरआर आहे का?" व्हीआरआर म्हणजे गेमच्या कमी-जास्त होणाऱ्या वेगाशी पडदा जुळवून घेतो, चित्र फाटत नाही. काही टीव्हींमध्ये चारपैकी दोनच पोर्ट १२०चे असतात आणि त्यातलाच एक साउंडबारला लागतो. पोर्ट मोजून घ्या.

८. दुकानात आणि घरी आल्यावर

दुकानात टीव्ही भडक मोडमध्ये लावलेले असतात, कारण तिथला उजेड प्रखर असतो. रिमोट मागून घ्या आणि 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' मोड लावायला सांगा. पेनड्राइव्हमध्ये स्वतःचा व्हिडिओ न्या: एक अंधारातला प्रसंग, एक माणसांच्या चेहऱ्यांचा, एक क्रिकेटचा. कंपनीचा चकचकीत डेमो कुठल्याही टीव्हीवर छानच दिसतो. आवाजही ऐका. पातळ टीव्हीत स्पीकरला जागा नसते, म्हणून साउंडबारसाठी थोडे पैसे बाजूला ठेवलेले बरे. बीईईच्या स्टार लेबलवर वर्षाला किती युनिट लागतील ते लिहिलेले असते, तेही वाचा.

टीव्ही घरी आला की तंत्रज्ञ असतानाच खोके उघडा. पडदा फुटला तर वॉरंटी सहसा लागू होत नाही. पांढरे, काळे, लाल, हिरवे, निळे चित्र लावून ठिपके तपासा. जिन्यातून नेताना टीव्ही उभाच धरायचा, आडवा नाही. मग सेटिंगमध्ये जाऊन हालचाल गुळगुळीत करणारा पर्याय सिनेमासाठी बंद करा, नाहीतर कुठलाही सिनेमा मालिकेसारखा दिसतो.

९. आणि मुलांचे काय?

टीव्ही मोठा झाला की वेळही मोठा होतो, हे आपण शिक्षक रोज पहिल्या तासाला जांभया देणाऱ्या मुलांत पाहतो. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सच्या सूचनांनुसार दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन नको आणि दोन ते पाच वर्षांपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त एक तास. मोठ्या मुलांसाठी घराने मिळून वेळ ठरवावा. टीव्ही मुलांच्या खोलीत न लावता हॉलमध्येच लावावा, म्हणजे काय चालले आहे ते सहज दिसते. पूर्ण अंधारात खेळू देऊ नका, टीव्हीच्या मागे एक मंद दिवा असू द्या. घरात कुणाला फिट्सचा त्रास असेल तर झगमगाटी गेमआधी डॉक्टरांचा सल्ला जरूर घ्या.

१०. वर्गात करता येईल असे

शिक्षक मित्रांनो, हा विषय दहावीच्या गणिताला छान जोडता येतो. मुलांना घरून तीन मापे आणायला सांगा: टीव्हीची रुंदी, उंची आणि बसायचे अंतर. पायथागोरसने कर्ण काढायचा, खोक्यावरच्या इंचाशी ताडून पाहायचा, ४ आणि ३ ने भागून योग्य आकार ठरवायचा. ज्या घरी टीव्ही नाही त्या मुलांना वर्गातला फळा आणि शेवटचा बाक मोजू द्या, फळ्यावर १६:९ चा आयत आखू द्या. गणित तेच आहे. पुढच्या खरेदीच्या वेळी यातलेच एखादे मूल दुकानात वडिलांना म्हणेल, "बाबा, आपल्याला ७५ नको, ५५ पुरे." त्याचे ऐका. त्याने मोजलेले असेल.